दारात न आलेली लस

खपली हिम्मतरावांना आधी दिसली, पोरगा नंतर. हैदराबादच्या जामबागेतल्या शाळेच्या फाटकाशी सुट्टीची झुंबड उडाली होती. रिक्षावाले पोरांची दप्तरं ओढून घेत होते, बोरंवाली टोपली सावरत कुणाला तरी रागावत होती, आणि त्या गलक्यात त्यांच्या नातवाच्या, निखिलच्या खांद्यावर हात टाकून त्याच्या वर्गातला एक पोरगा उभा होता. त्याच्या कपाळावर, भुवईच्या जरा वर, कडेनं सुटत आलेली काळपट खपली. गळ्यावर आणखी दोन-तीन. कानामागे हळद राहून गेलेली. हिम्मतरावांना वर्तमानपत्र हात लांब केल्याशिवाय वाचता येत नव्हतं, पण माणसाच्या कातडीवरचा डाग त्यांना रस्त्याच्या पलीकडून दिसायचा. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी आरोग्य खात्यात देवीची लस टोचण्यात घालवली होती. दुसरे लोक माणूस भेटला की तोंडाकडे बघतात, हे आधी दंडाकडे बघायचे. निवृत्त होऊन जमाना झाला तरी खोड जात नव्हती. "क्यों बेटे, ये क्या हुआ था?" त्यांनी त्या पोराला विचारलं. पोरगा खुशीत होता. अम्मवारू आली होती म्हणाला, आता अंघोळ झाली, आणि परीक्षा आहे म्हणून अम्मा म्हणाली जा शाळेत. तेलुगू घरांत अंगावर फोड उठले की रोगाचं नाव घेत नाहीत, देवी आई घरी आली म्हणतात, हे हिम्मतरावांना कुणी समजावून सांगायला नको होतं. त्यांच्या स्वतःच्या गावातही काय वेगळं म्हणायचे? निखिल वर बघून हसत होता. गोळ्यांनी वाटोळा झालेला त्याचा चेहरा उन्हात तुकतुकत होता. "आजोबा, हा कित्ती दिवस मामाकडे होता माहितीये? आज आलाय," तो म्हणाला. हिम्मतरावांनी त्याचं मनगट धरलं आणि त्याला गर्दीतून ओढून बाहेर काढलं, इतक्या जोरात की पोरगं कळवळलं.

रिक्षा काचीगुड्यापाशी आली तेव्हा कुठे त्यांच्या लक्षात आलं की आपण पोराचं मनगट अजून सोडलेलं नाही. सोडलं. निखिलनं ते चोळलं नि परत बाहेर बघायला लागला, कारण बाहेर एका उंच फलकावर थंड पेयाची घराएवढी बाटली चढवत होते आणि त्याला ती पडते की काय हे बघायचं होतं. सहा वर्षांचं पोर. दीड वर्षापूर्वी एका सकाळी उठला तो डोळे सुजलेले, पापण्या उघडेनात. आईला वाटलं डास चावला. मग पाय सुजले, पोट फुगलं. मूत्रपिंडाची चाळणी बिघडली आहे, अंगातलं सत्त्व लघवीवाटे चाललंय, असं डॉक्टर अनुराधांनी सांगितलं आणि गोळ्या सुरू केल्या. गोळ्या दिल्या की सूज उतरायची, कमी केल्या की महिन्या-दोन महिन्यांत परत हजर. आत्ताही परतली होती, म्हणून गोळ्या पुन्हा वाढवलेल्या. त्या गोळ्यांचं असं होतं की त्या दुखणं दाबायच्या आणि त्याबरोबर अंगातली लढायची ताकदही दाबून टाकायच्या. बाईंनी पहिल्याच महिन्यात बजावलं होतं: याला कांजिण्यांपासून सांभाळा. बाकीच्या पोरांना येतात नि जातात, याला आल्या तर फुप्फुसात उतरतील, जिवावर बेतेल. तेव्हा शिल्पानं, त्यांच्या सुनेनं, लगेच लशीचं विचारलं होतं. आता नाही देता येणार, बाई म्हणाल्या. ती जिवंत जंतूंची लस, इतक्या गोळ्या चालू असताना दिली तर लसच अंगावर उलटायची. द्यायची होती ती आधी. 'आधी' म्हणताना बाई कुणाकडेच बघत नव्हत्या, पण हिम्मतरावांना त्या बंद खोलीत एकदम उकडायला लागलं होतं.

आधी म्हणजे कधी, ते तिघांनाही ठाऊक होतं. निखिल चार वर्षांचा, टणटणीत, दवाखान्यातल्या वजनकाट्यावर उड्या मारणारा. कसलीशी बूस्टरची सुई होती आणि त्यासाठी घरचे तिघंही गेले होते, म्हणजे हिम्मतराव जातीनं गेले होते आणि मुलगा विकास आणि सून त्यांच्याबरोबर. टोचण्याचं खातं त्या घरात त्यांचं. विकास शहराच्या पार पलीकडच्या टोकाला काचेच्या इमारतीत काँप्युटरवर बसून परदेशातल्या बँकांचं काहीतरी करायचा. त्याला पोराचा रक्तगट विचारला तर बायकोकडे बघायचा. तर सुई झाल्यावर डॉक्टर अनुराधा म्हणाल्या, कांजिण्यांची एक लस आलीये आता आपल्याकडे, बाहेरच्या कंपनीची, चांगली आहे. सरकारच्या यादीत नाही. ऐच्छिक आहे. सांगायचं माझं काम, ठरवा तुम्ही. तो काळच तसा होता, रोज काहीतरी बाहेरून यायचं आणि तुम्ही ठरवा म्हणायचं. घराजवळच्या, अंबरपेठेच्या किराणा दुकानात साबणाच्या बारा जाती आल्या होत्या आणि दुकानदार विचारायचा कोणता देऊ. पूर्वी नुसतं साबण म्हटलं की साबण मिळायचा. शिल्पा पुण्याची, तिच्या मामेबहिणीनं पोरीला ती लस दिली होती. आपणही देऊन टाकू, म्हणाली. विकासनं वडलांकडे बघितलं. आणि हिम्मतराव हसले. ते हसणं आता त्यांना रिक्षात आठवत होतं, स्वतःचंच, दात दाखवून केलेलं, शहाण्या माणसाचं हसणं.

"सरकारनं सांगितलंय का घ्या म्हणून?" त्यांनी विचारलं होतं. नाही, पण, असं शिल्पानं सुरू केलं, तेवढ्यात ते म्हणाले, "मग नको. अगं पोरी, गरज असती तर सरकार दारात आलं असतं. मी त्या सरकारच्या पायांनी दारोदार हिंडलोय." वर हेही म्हणाले की कांजिण्या हा काय रोग आहे, ते लहानपणी येऊन गेलेलं बरं, आमच्यात एका पोराला आल्या की बाकीच्यांना मुद्दाम त्याच्या शेजारी निजवायचे, एका खेपेत सगळी मोकळी. डॉक्टरीणबाई हसल्या, वाद घातला नाही. त्यांच्या खोलीबाहेर तेव्हाही पंधरा बायका पोरं घेऊन बसल्या होत्या. विकास म्हणाला, बरोबर आहे अण्णांचं. आणि घरी येताना त्यांनीच निखिलला पिस्ता आइस्क्रीम घेऊन दिलं.

दारात. सरकार दारात येतं म्हणजे काय हे त्यांच्याइतकं कुणाला कळलं होतं? नांदेडकडच्या त्यांच्या घरी बाप-भाऊ ज्वारी पिकवत बसले, हे एकटे मॅट्रिक होऊन हैदराबादेला आले, खात्यात चिकटले आणि पुन्हा खेड्यातच फेकले गेले, पण सरकारी सायकलवर. विंचवासारखं बिऱ्हाड पाठीवर. लशीच्या नळ्या ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या, फिरवून टोचायची ती टोचणी, पुढे दुतोंडी सुई आली. लोक देवीचा डॉक्टर म्हणायचे. डॉक्टर ते सात जन्मात नव्हते. सायकलची घंटी ऐकली की गावातल्या बायका पोरं दडवायच्या, कणगीत, कडब्याच्या गंजीत, आणि ते हुंगत जाऊन बरोबर काढायचे. एकदा कंधारकडच्या एका वस्तीवर एका बाईनं तान्ह्याला पदराखाली असं आवळलं की ते निळं पडायला लागलं. अंगात ताप आहे हो त्याच्या, ती म्हणत होती. पोलीस पाटलानं तिचे हात धरले, यांनी तान्ह्याचा दंड. टोचून झाल्यावर ती यांच्या सदऱ्यावर थुंकली. यांनी पुसलं आणि पुढच्या घरी गेले. तिला कुणी विचारलं नव्हतं, बाई, तुला पाहिजे का. विचारायची रीतच नव्हती. अर्धं गाव टोचलं म्हणजे गाव टोचलंच नाही, असं त्यांचे साहेब म्हणायचे, आणि ते खरं होतं. एक घर सुटलं तरी तिथून रोग पुन्हा बाहेर पडायचा. ते तान्हं पुढे जगलं की नाही, हिम्मतरावांना माहीत नाही. पण देवी गेल्या, पृथ्वीच्या पाठीवरून गेल्या, आणि त्यात आपली सायकल होती, या एका गोष्टीवर त्यांचं म्हातारपण ताठ उभं होतं. अजूनही पोलिओच्या रविवारी ते गल्लीच्या तोंडाशी मांडवात जाऊन बसायचे, पोरांच्या करंगळीला शाई लावायचे, राहिलेल्यांच्या दारात जायचे. सरकारला जे खरंच हवं असतं ते सरकार दारात आणतं, असा त्यांचा पक्का हिशेब होता. सरकार मध्येच कधी दारात यायचं बंद झालं, ते त्यांना कुणी कळवलंच नाही.

त्याच संध्याकाळी ते आणि विकास डॉक्टर अनुराधांकडे गेले. जाताना हिम्मतरावांच्या डोक्यात खपलीच होती: पोरगा खपली धरलेला, निखिलच्या अंगाला अंग लावून उभा, म्हणजे लागण आज झाली, म्हणजे अजून काहीतरी करायला वेळ आहे. देवीच्या खपलीतून रोग पसरायचा, खपल्या जाळाव्या लागायच्या, हे त्यांच्या हाडीमाशी होतं. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि डोळ्यांवरचा चष्मा काढून टेबलावर ठेवला. कांजिण्यांचं उलटं असतं, त्या म्हणाल्या. खपल्या धरल्या म्हणजे तो मुलगा आता निर्धोक. त्याच्यापासून भीती होती ती फोड उठायच्या एक-दोन दिवस आधी, तो वर्गात ठणठणीत बसलेला असताना. म्हणजे जे व्हायचं ते गेल्या आठवड्याच्याही आधी होऊन गेलं असेल. विकासनं विचारलं, काही इंजेक्शन? असतं, त्या म्हणाल्या, तयार प्रतिकारशक्तीचं, इथे मिळत नाही, मुंबईहून मागवावं लागतं, पण ते पहिल्या तीन-चार दिवसांत द्यायला हवं. आता आणणं म्हणजे वरातीमागून घोडं. लक्ष ठेवा. एक जरी फोड दिसला तरी तडक या, शिरेतून औषध देता येतं, लवकर सुरू केलं तर पुष्कळदा निभावतं. पुष्कळदा. हिम्मतराव त्या शब्दाशी थांबले. त्यांच्या आयुष्यभराच्या ज्ञानातला एक कण या पोराच्या उपयोगाचा नव्हता. उलट तेच ज्ञान छातीवर बिल्ल्यासारखं लावून ते चार वर्षांच्या निरोगी पोराच्या आडवे उभे राहिले होते. बाईंनी निरोप देताना त्यांना आवर्जून नमस्कार केला, काका म्हणाल्या. त्यानं त्यांना अधिकच बारीक झाल्यासारखं वाटलं.

दुसऱ्या दिवशी ते एकटेच शाळेत गेले. कशाला गेले, धड सांगता आलं नसतं, घरात बसवेना. हेडमिस्ट्रेस बाई भल्या होत्या, खुर्ची दिली, पाणी दिलं. हिम्मतरावांनी आधी भांडण काढलं: आमच्या सुनेनं वर्षाच्या सुरुवातीला सांगून ठेवलं होतं ना, वर्गात कुणाला कांजिण्या आल्या तर आम्हाला कळवा? बाई म्हणाल्या, कळलं तर कळवणार ना. आईवडील सांगतच नाहीत, मामाकडे गेलाय म्हणतात, घरात अम्मवारू असताना तिची वाच्यता करायची नसते अशी श्रद्धा, त्याला मी काय करू? मग हिम्मतराव म्हणाले, सगळ्या पोरांना लस सक्तीची करा. दाखला आणल्याशिवाय वर्गात घेऊ नका. अमेरिकेत तसं करतात, माझा मुलगा ऑफिसात वाचून आला. बोलता बोलता त्यांचा आवाज चढला, खात्यातला जुना आवाज, आणि दारातला शिपाई आत डोकावला. बाईंनी सगळं शांतपणे ऐकलं आणि म्हणाल्या, "जीओ नहीं है ना, साब. जीओ के बगैर हम कैसे बोलेंगे?" जीओ म्हणजे सरकारी हुकूम, हैदराबादेत शाळेपासून स्मशानापर्यंत सगळं त्या हुकमानं चालतं, हे हिम्मतरावांना नव्यानं कळायचं नव्हतं, आजवर ते स्वतःच लोकांना तसं सांगत आले होते. काही पालक देतात, बाई म्हणाल्या, काही नाही देत, ज्याची त्याची मर्जी. म्हणजे अर्धं गाव, त्यांच्या मनात आलं. ते उठले. फाटकाशी त्या खपलीवाल्या पोराची आई भेटली, शिपायानं दाखवली. तिला चार शब्द सुनवायचे म्हणून ते पुढे झाले, तर ती बिचारी आधीच हात जोडून उभी, टीचरनं तिला सांगितलं होतं. हमकू क्या मालूम अंकल, ती म्हणाली, ये तो सब बच्चों कू आता ना, आके जाता. ती त्यांचंच वाक्य त्यांना परत देत होती, नुसतं भाषा बदलून.

मग वाट बघणं सुरू झालं. रोगाची वाट बघणं त्यांना नवं नव्हतं, पण ती इतरांच्या घरात बसून बघितलेली. आता सकाळी निखिलला मोरीत अंघोळ घालायचं काम त्यांनी मागून घेतलं आणि साबण लावायच्या निमित्तानं त्याचं अंग इंच इंच चाचपायला लागले. पाठ, काखा, केसांतली कातडी. पोराला गुदगुल्या व्हायच्या, तो पाणी उडवायचा, आणि हे कानामागची कातडी बघून घ्यायचे. एक लाल ठिपका दिसला, तो डासाचा निघाला. मानेवर घामोळ्या. उन्हाळा तापत चालला होता, अंबरपेठेत दुपारी वीज जायची, पंखा बंद पडला की सगळं घर पोराच्या अंगाकडे बघत बसल्यासारखं वाटायचं. विकास बस चुकवून उशिरा ऑफिसला जायला लागला. शिल्पाला चौथा महिना होता. ती पोटावर हात ठेवून खिडकीत बसायची आणि हिम्मतराव आले की उठून आत जायची असं नाही, तसं काही नाही, ताट वाढायची, चहा द्यायची, अण्णा साखर बरोबर आहे का तेही विचारायची. पण त्या गोष्टीबद्दल अवाक्षर नाही. तिनं दीड वर्षात एकदाही म्हटलं नव्हतं की तुमच्यामुळे. म्हटलं असतं तर बरं झालं असतं. शिवीला उत्तर देता येतं, निदान मान तरी खाली घालता येते. या चहासाखरेला काय करायचं? शेवटी एका दुपारी त्यांनाच धरवेना. निखिल झोपला होता, विकास घरी नव्हता. स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून ते म्हणाले, "बोल एकदाचं, पोरी. काय मनात असेल ते बोलून टाक. मी ऐकायलोय."

शिल्पा कोथिंबीर निवडत होती. निवडायची थांबली नाही. "तुमचा राग नाही येत मला, अण्णा," ती म्हणाली. "तुम्हाला जे खरं वाटलं ते तुम्ही बोललात. मला माहीत होतं द्यायला हवी. मला माहीत होतं, आणि मी गप्प बसले, कारण तुम्ही मोठे. मी का ऐकलं, त्याचा राग येतो." हिम्मतरावांना वाटलं होतं की दोष निदान आपला तरी आहे, आपल्या एकट्याचा. तोही तिनं त्यांच्या हातून काढून घेतला होता. ते बाहेरच्या खोलीत येऊन बसले. तेव्हा विचारायचं नाही आणि टोचायचं. आता विचारायचं आणि सोडून द्यायचं. गोड आवाजात, पंख्याखाली बसवून विचारतात, आणि विचारलं की त्यांचं काम संपलं. ती थुंकणारी बाई त्यांना फार जवळची वाटली त्या दुपारी. तिला निदान थुंकायला कुणीतरी समोर होतं. इथे कुणावर थुंकायचं? डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, सांगायचं त्यांचं काम. शाळेकडे जीओ नव्हता. आणि जीओ काढणारे तर कुठे राहतात तेच माहीत नव्हतं. उभी हयात त्यांचे कागद हातात घेऊन हिंडले, पण त्यातला एक माणूस कधी डोळ्यांनी बघितला नव्हता.

फोड त्यांना मोरीत नाही दिसला. रविवार होता, पोरगं सकाळपासून किरकिर करत होतं, अंग कोमट लागत होतं, आणि जेवताना त्यानं सदरा वर करून पोट खाजवलं. बेंबीच्या वर दवाच्या थेंबासारखा एक पाणीदार फोड, भोवती गुलाबी कडं. विकासच्या हातातला घास हातातच राहिला. "मला चावलं काहीतरी," निखिल म्हणाला. शिल्पानं उठून हात धुतले आणि कपाटातून पिशवी काढली. ती तिनं कधीच भरून ठेवली होती.

दवाखान्यात पोचेपर्यंत पाठीवर पाच-सहा दिसायला लागले होते आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मोजण्यात अर्थ उरला नाही. टाळूवर, पापणीच्या कडेला, तोंडाच्या आत. शिरेत सुई लावली होती, थेंब थेंब औषध चाललं होतं. श्वास जरा भरभर आहे, डॉक्टर अनुराधा म्हणाल्या, छातीचा फोटो काढलाय, आत्ताच काही सांगता येत नाही. रात्र तातडीच्या विभागात काढल्यावर त्या दुपारी व्हरांड्याच्या टोकाची एकटी खोली मिळाली त्याला. दाराशी नर्सनं सगळ्यांना अडवलं: ज्यांना कांजिण्या येऊन गेल्यात त्यांनीच आत जायचं. शिल्पाला आल्या नव्हत्या. पुण्यात एकुलती एक, जपून वाढवलेली. पोटातल्या जिवाला धोका आहे, डॉक्टर तिला म्हणाल्या, आजपर्यंत घरात जे झालं ते झालं, तुझं रक्त तपासू, पण इथून पुढे या खोलीत पाऊल टाकायचं नाही. विकासला आल्या होत्या का? विकासनं बापाकडे बघितलं. हिम्मतरावांनी आठवून पाहिलं. विकासच्या लहानपणी ते सायकलवर होते, दुसऱ्यांच्या पोरांमागे. हे त्यांच्या बायकोला, भामाला माहीत असतं, आणि भामा जाऊन पाच वर्षं झाली होती. माहीत नाही, ते म्हणाले. मग तूही थांब, डॉक्टर विकासला म्हणाल्या, उद्या तू आडवा पडलास तर बायकोकडे कोण बघणार? हिम्मतरावांना मात्र आल्या होत्या. सातव्या-आठव्या वर्षी, चुलतभावांच्या ओळीत निजवून, मुद्दाम. म्हणजे आत जायला सगळ्या घरात ते एकटेच लायक ठरले. त्यांना एकदम वाटलं, नको म्हणावं, दुसरं कुणी बघा, माझ्यावर हे टाकू नका. पण नको म्हणायला दुसरं कुणी नव्हतंच.

शिल्पा व्हरांड्यात भिंतीला टेकून उभी होती. रात्रभर रडून तिचा चेहरा सुजला होता, जवळजवळ निखिलसारखा. तिनं त्यांच्या हातात पाण्याची बाटली दिली, पोराचा पंचा दिला. मग दारातून आत न बघता म्हणाली, "अण्णा, तो दुपारी झोपताना कान धरायला लावतो. डाव्या कानाची पाळी. दोन बोटांत नुसती धरायची, चोळायची नाही. तुम्हाला माहीत नसेल. त्याशिवाय त्याला झोपच येत नाही." आणि ती वळून चालायला लागली, भराभर, थांबली तर आत शिरेल अशी.

खोलीत फिनेलचा वास होता आणि पडदे ओढलेले होते. निखिल डोळे अर्धे उघडे ठेवून पडला होता. आई कुठंय, त्यानं विचारलं. बाहेर आहे, आजोबा म्हणाले, तिला आत यायची मनाई आहे. कुणी केली मनाई? डॉक्टरांनी. तो यावर जरा वेळ विचार करत राहिला, मग विचारही करायचा सोडला. त्याचा श्वास छोटा छोटा येत होता आणि दर श्वासाला बरगड्यांमधली कातडी आत जात होती. हिम्मतरावांनी स्टूल पलंगाला लावलं. किती पोरांचे दंड या हातांनी धरले असतील, गच्च, हलू न देता. हे हात आता कुठे ठेवायचे ते कळेना, कारण पोराच्या अंगावर फोड नाही अशी जागा शोधावी लागत होती. "कान," निखिल म्हणाला आणि मान उजवीकडे वळवली. हिम्मतराव पुढे वाकले. डाव्या कानाच्या पाळीवर, बरोबर जिथे दोन बोटं बसतात तिथे, एक टपोरा फोड भरून आला होता. त्यांनी हात मागे घेतला आणि दुसऱ्या कानाकडे नेला.

"तो नाही," निखिल म्हणाला.

"तो दुखेल रे, राजा. त्याच्यावर फोड आलाय."

"तोच."

त्यांनी दोन बोटांत ती पाळी धरली, धरली न धरली अशी. ती चटका बसावा इतकी तापलेली होती. पोराचं अंग ताठ झालं, पायाची बोटं चादरीत रुतली, डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाणी आलं आणि उशीवर गेलं.

"दुखतंय," तो म्हणाला.

"सोडू का?"

"नको."

हिम्मतरावांनी सोडलं नाही.